मॉर्गेज नोट विकत घेणाऱ्यांना ब्रोकरकडून काय हवं असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत घराचं कर्ज फक्त बँकाच देतात असं नाही. कित्येक घरमालक घर विकताना घेणाऱ्याला स्वतःच कर्ज देतात आणि पुढची वीस-तीस वर्षं दरमहा हप्ते घेतात. मध्येच रोख रकमेची गरज पडली, तर या हप्त्यांचा हक्क विकता येतो. तो विकणारा आणि घेणारा यांची गाठ घालून देतो तो नोट ब्रोकर. न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्नियातले मराठी रिअल इस्टेट एजंट आणि टॅक्सची कामं करणारे लोक या कामाबद्दल मला वरचेवर विचारतात.

मी घेणाऱ्यांच्या बाजूला आहे. आमच्याकडचे व्यवहार भावावरून क्वचितच मोडतात. ब्रोकरला पहिल्या दिवसापासून माहीत असलेली एखादी अडचण शेवटच्या आठवड्यात बाहेर येते, तेव्हा ते मोडतात. खालची बहुतेक उत्तरं या अनुभवातून आलेली आहेत. इथे फक्त खाजगी, हप्ते सुरळीत चालू असलेल्या नोटांचा विचार केला आहे. बँकांच्या थकीत कर्जांचे गठ्ठे घेणं हा निराळा धंदा आहे.

नोट म्हणजे नेमकं काय विकलं जातं?

दोन कागद. पहिला म्हणजे वचनचिठ्ठी, जिला सगळे ‘नोट’ म्हणतात: अमुक रक्कम, अमुक व्याज, अमुक तारखेला हप्ता. दुसरा म्हणजे घर तारण ठेवल्याचा दस्त. न्यूयॉर्क, न्यू जर्सी, फ्लोरिडात तो ‘मॉर्गेज’ असतो, तर कॅलिफोर्निया, टेक्सासमध्ये बहुधा ‘डीड ऑफ ट्रस्ट’, ज्यात एक तिऱ्हाईत ट्रस्टी असतो. ओहायो, मिशिगन, इंडियाना या पट्ट्यात ‘लँड कॉन्ट्रॅक्ट’ही पुष्कळ दिसतात. त्यात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत घर विकणाऱ्याच्याच नावावर राहतं.

मूळ जोर वचनचिठ्ठीचा आहे, तारण तिच्या मागोमाग जातं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७२ साली कार्पेंटर विरुद्ध लाँगन या खटल्यात हे स्पष्ट केलं आणि आजही सगळा धंदा त्याच पायावर उभा आहे. म्हणून आम्ही घराच्या फोटोंआधी नोटची प्रत मागतो.

पहिल्या ईमेलमध्ये काय लिहू?

भाव विचारण्यापुरती माहिती एका पानात बसते. घराचा पत्ता आणि प्रकार, विक्रीची तारीख, विक्रीची किंमत, रोख किती घेतले, मूळ कर्ज किती, व्याजदर, हप्ता, एकूण किती हप्ते आणि त्यातले किती आले, आजची बाकी, बलून पेमेंट (शेवटी एकरकमी भरायची मोठी रक्कम) असेल तर कधी आणि किती. घरात कर्जदार स्वतः राहतो की भाडेकरू? नोट पहिल्या क्रमांकाच्या तारणाची आहे की दुसऱ्या, म्हणजे घर विकून वसुली झाली तर पैसे आधी हिला मिळणार की दुसऱ्या कर्जाला? मालमत्ता कर आणि विमा चालू आहे का? आणि शेवटी एक ओळ, जी बहुतेक ब्रोकर लिहीत नाहीत: नोटधारकाला, म्हणजे हप्ते घेणाऱ्या माणसाला, पैसे कशासाठी आणि किती हवे आहेत.

या शेवटच्या ओळीने उत्तर बदलतं. ज्याला मुलीच्या कॉलेजसाठी ४०,००० डॉलर हवे आहेत, त्याला अख्खी नोट विकायला लावणं हे त्याचं नुकसान आहे.

आकडे तोंडी ऐकून लिहू नका. नोट समोर ठेवून लिहा. नोटधारकाला हप्ता पाठ असतो, पण बाकी हमखास चुकते, कारण हप्त्यातला व्याजाचा भाग किती हे बहुतेकांनी कधी मोजलेलं नसतं.

पुढे कोणते कागद लागतात?

वचनचिठ्ठी, नोंदवलेला मॉर्गेज किंवा डीड ऑफ ट्रस्ट, विक्रीच्या वेळचं क्लोजिंग स्टेटमेंट (व्यवहार पूर्ण होताना केलेला पैशांचा हिशेब), टायटल इन्शुरन्सची, म्हणजे मालकी हक्काच्या विम्याची पॉलिसी, घराच्या विम्याचं पान आणि हप्ते आल्याचा पुरावा. यांतलं काय मिळालं आणि काय नाही, हे कागद पाठवतानाच लिहा. क्लोजिंग स्टेटमेंटला आम्ही फार मान देतो, कारण कर्जदाराने सुरुवातीला खरोखर किती रोख भरली हे तिथे कळतं. ‘वीस टक्के डाउन’ असं सांगितलं गेलं आणि कागदावर निम्मी रक्कम ‘दुरुस्तीच्या बदल्यात सूट’ म्हणून निघाली, तर ती नोट वेगळीच होते.

कर्जदाराचा सोशल सिक्युरिटी नंबर साध्या ईमेलने कधीच पाठवू नका. त्याची क्रेडिट तपासणीही तुम्ही करू नका. फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टमध्ये चालू कर्जाचं मूल्यमापन करणाऱ्या संभाव्य गुंतवणूकदाराला रिपोर्ट पाहण्याची मुभा आहे. तो गुंतवणूकदार आम्ही, ते काम आमच्याकडेच राहू द्या.

मूळ नोट सापडत नाही. व्यवहार संपला का?

संपला नाही, पण अवघड झाला. आधी बँकेचा लॉकर, तेव्हाचा वकील, क्लोजिंग केलेली टायटल कंपनी असं सगळीकडे शोधायला सांगा. शाईची सही असलेला मूळ कागद हाती असणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं, कारण त्याच कागदावर किंवा त्याला जोडलेल्या ‘अलाँज’वर सही करून नोट आमच्या नावे होते. नाहीच मिळाला, तर हरवल्याचं प्रतिज्ञापत्र आणि शक्य असेल तर कर्जदाराची नव्या प्रतीवर सही, असा मार्ग काही खरेदीदार मान्य करतात. पहिल्या दिवशी सांगितलंत तर आम्ही तसा मार्ग काढू. क्लोजिंगच्या टेबलावर कळलं, तर कुणालाच काही करता येत नाही.

हप्ते रोखीने घेतलेत, नोंद वहीत आहे. चालेल?

वहीतली नोंद एकट्याने पुरत नाही. कर्जदाराच्या बँकेतून गेलेले चेक, नोटधारकाच्या खात्यातल्या जमा रकमा, पावत्या, जे असेल ते गोळा करा. काहीच नसेल तर माझा सल्ला सरळ आहे: आज विकू नका. हप्ते एखाद्या परवानाधारक सर्व्हिसिंग कंपनीमार्फत (जी हप्ते गोळा करून हिशेब ठेवते) घ्यायला सुरुवात करा आणि वर्षभराने या. वर्षाचा स्वच्छ इतिहास भाव नक्की वर नेतो, आणि असा सल्ला देणाऱ्या ब्रोकरकडे नोटधारक परत येतो.

किंमत कशी ठरते? बाकी १ लाख असताना १ लाख का मिळत नाहीत?

हा प्रश्न तुम्हाला प्रत्येक नोटधारक विचारेल, म्हणून गणित स्वतः करता आलंच पाहिजे. आर्थिक कॅल्क्युलेटर वापरायला न शिकता या कामात उतरू नका.

समजा बाकी १,००,००० डॉलर, व्याज ७ टक्के, उरलेले हप्ते २४०. हप्ता ७७५.३० डॉलर येतो. मला या पैशांवर वार्षिक १० टक्के परतावा हवा असेल, तर त्या २४० हप्त्यांची आजची किंमत सुमारे ८०,३४० डॉलर होते. ११ टक्के हवे असतील तर ७५,११० च्या आसपास. १२ टक्के धरले तर ७०,४०० च्या जवळ. नोट तीच, हप्ता तोच. फरक फक्त मी किती जोखीम मोजतो याचा आहे.

ती जोखीम कशावर मोजतो? कर्जदाराची स्वतःची किती रक्कम घरात अडकली आहे, हे सगळ्यात आधी. मग त्याचा क्रेडिट स्कोअर, हप्ते किती महिने वेळेवर आले, घर कोणत्या स्थितीत आहे, आणि माझी रक्कम घराच्या आजच्या किमतीच्या किती टक्के होते. घर १,३५,००० चं असेल आणि मी ७५,००० देत असेन, तर मी सुमारे ५६ टक्क्यांवर आहे; तिथे निवांत झोप लागते. मोकळी जमीन, मोबाइल होम, दुसऱ्या क्रमांकाचं तारण, इथे तीच टक्केवारी मला पुरत नाही.

व्याजदरांचा काळही लक्षात घ्या. घरकर्जं विकत घेणाऱ्या फ्रेडी मॅक या कंपनीच्या आकडेवारीत तीस वर्षांच्या कर्जाचा सरासरी दर जानेवारी २०२१ मध्ये २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तो ७.७९ टक्क्यांवर गेला. स्वस्ताईच्या काळात ४ टक्क्यांनी लिहिलेली नोट आज विकायला आणली, तर कर्जदार कितीही चांगला असो, सूट, म्हणजे बाकीपेक्षा भाव जितका कमी तो फरक, मोठीच असणार. ही गोष्ट नोटधारकाला तुम्ही आधी सांगा. आमच्या ऑफरमधून त्याला पहिल्यांदा कळली, तर त्याला फसवल्यासारखं वाटतं.

सूट ऐकून नोटधारक चिडला. आता?

त्याला समजावत बसण्यापेक्षा काही हप्तेच विकण्याचा पर्याय दाखवा. वरच्याच नोटेतले पुढचे ६० हप्ते मी १० टक्के परताव्याने घेतले, तर त्याला आज सुमारे ३६,४९० डॉलर मिळतात. पाच वर्षांनी नोट त्याच्याकडे परत जाते, आणि तेव्हा तिची बाकी असते सुमारे ८६,२६० डॉलर. पुष्कळ वेळा एवढीच रक्कम त्याला हवी असते. नवे ब्रोकर हा पर्याय मांडत नाहीत, कारण फी कमी मिळेल असं त्यांना वाटतं. पण अख्ख्या नोटच्या विक्रीला नकार मिळण्यापेक्षा हे कितीतरी बरं. शिवाय उरलेले हप्ते विकायची वेळ आली, तर तो तुम्हालाच फोन करतो.

कर्जदार मध्येच पूर्ण फेड करून गेला किंवा हप्ते थांबले, तर कुणाला काय मिळेल, हे करारात लिहिलेलं असतं. ते कलम नोटधारकाला वाचून दाखवा. समजलं की नाही याची खात्री करा.

टॅक्सचं काय सांगू?

एवढंच, की सही करण्याआधी स्वतःच्या सीपीएला, म्हणजे टॅक्स पाहणाऱ्या अकाउंटंटला, विचारा. घर हप्त्यांवर विकताना बहुतेकांनी नफा फॉर्म ६२५२ वर वर्षावर्षात विभागून दाखवलेला असतो. नोट विकली की उरलेला नफा साधारणपणे त्याच वर्षी करपात्र होतो. क्लोजिंगनंतर एप्रिलमध्ये टॅक्स भरताना हा धक्का बसलेला माणूस तुमचं नाव विसरत नाही.

माझी फी कोण देतं आणि किती घ्यावी?

साधारण पद्धत अशी: मी तुम्हाला भाव देतो, तुम्ही तुमचा वाटा वजा करून नोटधारकाला ऑफर देता, आणि क्लोजिंगच्या वेळी फरक तुम्हाला मिळतो. मी ७५,००० म्हणालो आणि तुम्ही ७२,५०० ला ठरवलं, तर २,५०० तुमचे. काही खरेदीदार ठरलेली रेफरल फी देतात. त्यात तुम्ही फक्त ओळख करून देता, बोलणी आम्ही करतो.

वाटा किती असावा यावर माझं मत ठाम आहे. ७५,००० च्या भावातून ८,००० काढणारा ब्रोकर नोटधारकाचं नुकसान करतो आणि व्यवहारही धोक्यात घालतो. नोटधारक दुसरीकडे चौकशी करतोच. नोट विकणाऱ्यांमध्ये वयस्कर माणसं खूप असतात: नवरा गेलेली बाई, वृद्धाश्रमाचा खर्च भागवणारं जोडपं. तुमची फी किती, असं त्यांनी विचारलं तर खरा आकडा सांगा. सांगायला संकोच वाटत असेल तर तो आकडा जास्त आहे.

एकच नोट चार खरेदीदारांना पाठवली तर चांगला भाव मिळेल ना?

भाव विचारण्याच्या टप्प्यावर दोघा-तिघांना विचारणं रास्त आहे, आम्हालाही ते अपेक्षित असतं. पण एकदा ऑफर स्वीकारून सही झाली की थांबा. त्यानंतर मी टायटल रिपोर्ट, घराच्या किमतीचा अहवाल, वकील यांवर खर्च करतो. त्याच वेळी तुम्ही दुसऱ्याकडे भाव वाढवत असाल, तर ते कळतं. हे वर्तुळ लहान आहे.

नोट माझ्याकडे दुसऱ्या ब्रोकरकडून आली आहे. पाठवू?

नोटधारकाशी तुमचं थेट बोलणं होत नसेल, तर पाठवू नका. तीन ब्रोकरच्या हातांतून आलेल्या फाइलमध्ये आकडे बदललेले असतात आणि प्रत्येकाची फी भावात चढलेली असते. पहिल्या ब्रोकरने नोटधारकाशी लेखी करार केला असेल आणि तो स्वतः बोलायला तयार असेल, तर तुम्ही दोघं फी वाटून घ्या. मला फोन एकानेच करावा.

वाईट बातमी कधी सांगायची?

लगेच. हे उत्तर सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

मालमत्ता कर थकला आहे? बऱ्याच ठिकाणी काउंटीचा (स्थानिक सरकारचा) कराचा बोजा माझ्या पहिल्या तारणाच्याही वर बसतो. पण तो क्लोजिंगच्या रकमेतून फेडता येतो, म्हणजे ही सुटणारी अडचण आहे. कर्जदार दोन महिने मागे होता आणि आता सावरला? कारण कळलं तर मी भाव थोडा कमी करून घेईन. नोटधारकाचा घटस्फोट चालू आहे? मग दुसऱ्या जोडीदाराची सही लागेल, आणि ती मिळेल का हे आत्ताच पाहू. नोटधारक वारला आणि मुलं विकत आहेत? प्रोबेटचे, म्हणजे कोर्टाने वारसा मान्य केल्याचे, कागद लागतील, वेळ लागेल. घर विकताना मालकाचं जुनं बँकेचं कर्ज तसंच ठेवून वर ही नोट लिहिली आहे? तर सावध. १९८२ च्या गार्न-सेंट जर्मेन कायद्यामुळे घर हस्तांतरित झाल्यावर बँकेला संपूर्ण कर्ज मागण्याचं कलम लागू करता येतं. अशी नोट बहुतेक खरेदीदार घेत नाहीत, काही वेगळ्या भावाने घेतात.

बघा, यातल्या जवळजवळ प्रत्येक अडचणीला उत्तर आहे. उत्तर नसतं ते फक्त लपवण्याला. भाव ठरल्यावर अडचण सापडली की मला सगळी फाइल पुन्हा पहिल्यापासून तपासावी लागते, कारण आणखी काय राहिलं असेल हे मला माहीत नसतं.

डॉड-फ्रँकचा आमच्याशी काय संबंध? तो तर कर्ज देणाऱ्यांसाठी आहे.

नोट लिहिताना नियम मोडला असेल, तर तो दोष नोटबरोबर माझ्याकडे येतो. २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्यावर आधारलेले नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. राहण्यासाठी घर घेणाऱ्याला मालकाने कर्ज दिलं असेल, तर दोन सवलती महत्त्वाच्या. वर्षात एकच घर असं विकणाऱ्या व्यक्तीला, इस्टेटला (मृताच्या मालमत्तेला) किंवा ट्रस्टला बलून पेमेंट ठेवता येतं. तीनपर्यंत विकणाऱ्याला बलून चालत नाही, आणि कर्जदाराची फेडण्याची ऐपत पाहिलेली असावी लागते. ज्यांना ऐपत तपासण्याचा नियम लागू होता आणि त्यांनी ती तपासली नाही, त्यांच्या कर्जदाराला पुढे फोरक्लोजरच्या, म्हणजे कर्ज थकल्यामुळे घर ताब्यात घेऊन विकण्याच्या, वेळी नव्या नोटधारकाविरुद्धही हा बचाव घेता येतो.

म्हणून विचारा: नोट कुणी लिहून दिली? त्या वर्षी मालकाने अशी आणखी किती घरं विकली? परवानाधारक लोन ओरिजिनेटर (कर्ज जुळवून देणारा) होता का? ऐपत पाहिल्याचे कागद, म्हणजे पगाराच्या स्लिपा, टॅक्स रिटर्न, असतील तर नोटचा भाव वाढतो.

घर कोणत्या राज्यात आहे याने खरंच एवढा फरक पडतो?

पडतो. टेक्सासमध्ये फोरक्लोजरची विक्री महिन्याच्या पहिल्या मंगळवारी होते आणि कोर्टात न जाता काही महिन्यांत निकाल लागू शकतो. न्यूयॉर्क, न्यू जर्सीत सगळं कोर्टातून जातं, वर्षं जातात. तीच नोट, तोच कर्जदार, पण न्यूयॉर्कच्या घरावर मी कमी देतो.

कर्जदाराशी मी बोलू का?

नोटधारकाची परवानगी असल्याशिवाय नाही. नंतर आम्ही त्याच्याकडून एक लेखी पत्र घेतो: बाकी किती, हप्ता किती, कुठलीही तक्रार किंवा तोंडी करार नाही. त्या वेळी तुमची मदत होऊ शकते, कारण अनोळखी कंपनीचं पत्र आलं की माणूस घाबरतो. घर जाणार का, व्याज वाढणार का, असं त्याला वाटतं. काहीही बदलणार नाही, फक्त हप्ता पाठवायचा पत्ता बदलेल, हे त्याला नोटधारकाने स्वतः सांगावं अशी व्यवस्था करा. त्या घरात एक कुटुंब राहतं, हे फाइल वाचताना आम्हा सगळ्यांच्या लक्षात असायला हवं.

लायसन्स लागतं का?

राज्यावर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात स्थावर मालमत्तेवर तारण असलेल्या नोटांची दुसऱ्यासाठी खरेदी-विक्री करायला रिअल इस्टेट ब्रोकरचा परवाना लागतो. बाकी राज्यांचे नियम तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. विनापरवाना ब्रोकरला मी फी दिली तर मीही अडचणीत येतो, म्हणून हा प्रश्न मी पहिल्याच फोनवर विचारतो.

मी एच-१बी वर आहे. जोडधंदा म्हणून करू शकतो?

ब्रोकिंग नाही. एच-१बी वर ज्या कंपनीने अर्ज भरला तिचंच काम करता येतं, आणि ब्रोकिंग हे काम आहे. स्वतःच्या पैशांनी गुंतवणूक म्हणून नोट घेणं आणि हप्ते घेणं ही वेगळी गोष्ट, तरी इमिग्रेशन वकिलाला आधी विचारा. ग्रीन कार्डधारकांना आणि ईएडी (काम करण्याची परवानगी) मिळालेल्या एच-४ जोडीदारांना काम करण्याची ही अडचण नाही.

पुण्यात बसून हे काम करता येईल?

फायली लावणं, काउंटीच्या वेबसाइटवरून दस्त शोधणं, गणितं करणं हे करता येतं, आणि काहीजण करतातही. नोटधारकाशी भावाची बोलणी केली, तर घर जिथे आहे तिथल्या परवान्याचा प्रश्न येतोच. अनोळखी लोकांना फोन करत सुटण्याआधी अमेरिकेची ‘डू नॉट कॉल’ यादी पाहावी लागते.

हाच धंदा महाराष्ट्रात करता येईल का, असंही विचारतात. इथल्यासारखा खाजगी नोटांचा बाजार तिथे नाही. कर्जांचे हक्क मुख्यतः बँका, वित्त कंपन्या आणि मालमत्ता पुनर्रचना कंपन्या यांच्यात हस्तांतरित होतात, आणि खाजगी सावकारीवर २०१४ चा महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा आहे.

सही झाल्यापासून पैसे मिळेपर्यंत किती वेळ? माझं काम काय?

कागद पूर्ण असतील तर साधारण तीन ते पाच आठवडे. या काळात मी टायटल तपासतो, स्थानिक एजंटकडून घराच्या किमतीचा अहवाल घेतो, विमा आणि कर पाहतो. शेवटी नोटधारक नोटरीसमोर सह्या करतो, हस्तांतरणाचा दस्त काउंटीत नोंदवला जातो, विम्यावर तारणधारक म्हणून आमचं नाव चढतं.

तुमचं काम म्हणजे नोटधारकाला दर आठवड्याला एक फोन. काही घडलं नसेल तरीही. माणसं गप्प बसलेल्या ब्रोकरला सोडून जातात.

आणि शेवटच्या क्षणी खरेदीदारानेच भाव पाडला तर?

फाइलमध्ये तुम्ही सांगितलेलं सगळं खरं निघालं असेल, तर भाव बदलायचा नाही, हे आमचं कर्तव्य आहे. ते सगळेच पाळतात असं नाही. म्हणून पहिल्या ऑफरच्या वेळी लेखी विचारा: भाव कोणत्या कारणांनी बदलू शकतो? पैसे तुमचे स्वतःचे आहेत की पुढे कुणाकडून येणार आहेत? मागच्या काही ब्रोकरशी बोलता येईल का? क्लोजिंग तिऱ्हाईत टायटल किंवा एस्क्रो कंपनीत (जी व्यवहार पूर्ण होईपर्यंत पैसे सांभाळते) होईल का, आणि माझी फी तिच्याकडून थेट मिळेल का? या प्रश्नांना जो खरेदीदार टाळतो, त्याला नोटची प्रत पाठवू नका.